हलक्या गाडीतलं स्टूल

पार्सल ऑफिसच्या साहेबांनी ऐटीत गाडीचं दार उघडलं. त्यांच्या बायकोने आत डोकावून पाहिलं.

"अहो, माझी सीट कुठाय?"

"काढली," साहेब म्हणाले आणि रुमालाने आरसा पुसू लागले. आरसा स्वच्छच होता.

साहेबांची सगळी नोकरी वजनकाट्यापाशी गेली होती. ही जुनी स्पोर्ट्स कार घेतल्यापासून तिचा एकेक भाग ते ऑफिसच्या काट्यावर चढवत होते. स्टेपनी गेली, जॅक गेला, रेडिओ गेला. पेट्रोललाही वजन असतं, म्हणून टाकीत ते नावापुरतंच ठेवत. "गाडी हलकी असली की वळणावर मनासारखी वळते, ब्रेक लगेच ऐकतो. चालवण्यातली मजाच वेगळी!" असं ते शेजाऱ्यांना गाठून गाठून सांगत. शेजारी आताशा मागच्या जिन्याने उतरत.

पण आज बायकोचा मुख्याध्यापिका म्हणून शेवटचा दिवस होता. "निरोप समारंभाला तुला माझ्या गाडीतून नेणार," असं साहेबांनीच गावभर मिरवलं होतं. मुलं फाटकाशी रांगेत उभी राहणार होती. आणि सीट पडली होती ऑफिसात, पत्ता न सापडलेल्या पार्सलांशेजारी.

"टॅक्सी बोलावते."

"छे! मुलं काय म्हणतील? थांब, आलोच."

साहेब स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले. बाई स्टुलावर बसल्या. पहिल्या वळणाला गाडी मनासारखी वळली. स्टूल आपल्या मनासारखं वळलं. बाईंनी न रागावता ते पुन्हा सरळ केलं. तेच साहेबांना जास्त लागलं.

शाळेच्या अलीकडचा चढ संपता संपता इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं.

"पेट्रोल?" बाईंनी विचारलं.

"वजन..." साहेब पुटपुटले.

"उतरा. ढकला. स्टिअरिंग मी धरते." बाई त्यांच्या जागेवर सरकल्या. "आणि आधी ते स्टूल बाहेर काढा. त्यालाही वजन आहे."

साहेबांनी खांदा लावला. गाडी खरोखरच हलकी होती. माथ्यावर पोचताच ती हातून सुटली आणि उतारावरून आवाज न करता निघून गेली. खालून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला.

साहेब काखेत स्टूल मारून चालत निघाले. ओळखीचे तिघे भेटले. तिघांनीही स्टुलाकडे पाहिलं आणि नमस्कार केला. शाळेच्या फाटकावर वॉचमनने हटकलं.

"खुर्च्यांवाले ना? काय हा उशीर! आणि एकच आणली? जा, मागच्या दाराने जा."

मुख्याध्यापिकेचा नवरा म्हणून ओळख सांगण्यापेक्षा खुर्च्यांवाला होणं साहेबांना सोपं वाटलं. ते मागच्या दाराने गेले. सभागृहात जागा नव्हती. ते स्टुलावर टेकले.

व्यासपीठावर बाई बोलत होत्या, "गाडी हलकी असली की काय मजा येते, हे आमचे हे रोज सांगायचे. मला पटत नव्हतं. आज उतारावर पटलं. इतका आनंद मला इतक्या वर्षांत झाला नव्हता! कुठे आहेत हे?"

सगळी शाळा वळली. साहेब उठले, आणि स्टूल दणकन आडवं झालं.

समारंभानंतर कुणा शिक्षकाने टाकीत पेट्रोल ओतलं. साहेब किल्लीसाठी खिसे चाचपत गाडीपाशी आले, तर बाई आधीच स्टिअरिंगमागे बसलेल्या.

"या," त्या म्हणाल्या. "स्टूल आणलंत ना? वळणावर घट्ट धरून बसा."