वामनरावांची जीभ

आमच्या मालेगावच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी काट्यावर चढवण्याआधी शेतकरी मला हळूच विचारायचे, "बाबूजी, वामनराव चहाले गेले काय?"

कारण वामनराव ओरडले की बैल बुजायचे आणि वजन होण्याआधीच गाडी काट्यावरून उतरायची. मग वामनराव बैलांना सोडून मला धरायचे.

ते आमचे मॅनेजर, मी वजनं लिहिणारा बाबू. आणीबाणीच्या आधीची ही गोष्ट. शिवी दिल्याशिवाय त्यांना बोलायला सुरुवातच करता येत नसे. उशीर केला तर म्हैस, चुकलं तर रताळं, बरोबर असलं तर "गाढवा, आज कसं काय जमलं तुले?" पंखा बंद पडला तर पंख्याचीही खैर नसे. दिवाळीला भेटायला गेलो, तर म्हणाले, "मुडद्या, दारात काहून उभा? आत ये, चिवडा खा!"

मी मान खाली घालून बेरीज करत राहायचो. हातचा चुकला नाही पाहिजे, एवढंच पाहायचो. पण घरी गेलो की भाकरी गोड लागत नसे.

त्यांच्या मुलाला मात्र मान खाली घालणं जमलं नाही. वामनरावांनी त्याला त्याच्या सासऱ्यासमोर "रताळं" म्हटलं. तो त्याच दिवशी बायकोला घेऊन निघाला आणि धनजला बिऱ्हाड थाटलं. पुढे तिथे त्याला मुलगा झाला. वामनरावांनी तो पाहिला नव्हता. घरी ते एकटेच होते.

होळीला मी धनजला बहिणीकडे जाणार होतो. रजा मागायला गेलो आणि सवयीने मान खाली घातली. शिवी आलीच नाही.

"बसा, भाऊ," वामनराव म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

त्यांनी खणातून कागदात गुंडाळलेली साखरेची गाठी काढली. आमच्याकडे होळीला आजोबा नातवाच्या गळ्यात गाठी घालतात.

"एवढी पोचवसान काय? तुमाले तरास होईन."

"त्यात कसला त्रास?"

"आता दात आले असतीन त्याले, नाई? चावता येईन." मग म्हणाले, "मी देल्ली म्हनून सांगू नोका. बाजारातून घेतली म्हना."

खोटं बोलायची मला सवय नाही. धनजला पोचल्यावर वामनरावांच्या मुलाच्या हाती गाठी ठेवली आणि कोणी दिली ते सांगितलं.

त्याने तोंड वाकडं केलं. "देतानी किती शिव्या देल्या?"

"एकही नाही. 'बसा, भाऊ' म्हणाले. 'तुमाले तरास होईन' म्हणाले."

"बाबा? 'तुमाले' म्हने?"

"हो."

तो खुंटीवरचा सदरा काढत आत ओरडला, "अवं, पोराले तयार कर लवकर. बाबाची तब्येत बरी नाई!"