अकरा गोठ्यांची यादी

बुधवारी सकाळपासून हिंदुरावांनी चार वेळा चहा मागितला आणि चारही वेळा अर्धा पिऊन ठेवला. ओसरीवरून गोठ्यापर्यंत जायचं, गाईच्या पाठीवर उगाच थाप मारायची, परत यायचं. पाचव्या फेरीला कुशाबाई शेणाची पाटी घेऊन आडव्या आल्या.

"आवो, एका जाग्याला बसा की. गाय बी बावचळली तुमच्या पायी."

"तुला काय जातंय? गावात तोंड मला दाखवायचं हाय."

त्यांच्या रेश्माला इंग्लंडातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात प्रवेश मिळाला होता, तोही शिष्यवृत्तीसकट. येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत फॅक्सनं कळवायचं होतं. एप्रिलात पत्र आलं, तेव्हा हिंदुराव कोऱ्हाळ्याच्या दूध सोसायटीत कॅनवर मूठ आपटून म्हणाले होते, "जगात चोविसावं कॉलेज हाय! पंचविसाच्या भायेरचं असतं, तर पाठवलीच नसती पोरीला." दुसरं वाक्य त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी पडले. बोलायला लागले की थांबायची सवय नव्हती.

ते वाक्य मंगळवारी आबासाहेबांनी उकरून काढलं. आबासाहेबांचा गोठा गावात सगळ्यांत मोठा, आणि इंदापूरचा जावई इंग्रजी मासिकं वाचणारा. त्यानं दिलेलं कात्रण आबासाहेबांनी दुधाच्या रांगेत फडकावलं.

"तात्या, तुमचं कॉलेज घसरलं की! सत्तावन्नावं झालं. आता ओ?"

तेव्हापासून हिंदुरावांच्या पायाला भिंगरी लागली होती.

"तात्या, घसरलं नाही ते," रेश्मा तिसऱ्यांदा सांगत होती. "दोन मासिकांच्या दोन याद्या आहेत."

"कालेज एकच हाय ना? मग एकाच म्हशीला हितं फॅट सात आन तितं चार? मापणारा चोर असंल त्यातला एक."

"मापणारे चोर नाहीत, मापं निराळी आहेत. एकजण बघतो, पोरांना पुढं पगार किती मिळतो. दुसरा बघतो, प्राध्यापकांनी किती शोधनिबंध लिहिले, परदेशी पोरं किती, बाया शिकवायला किती. मग प्रत्येकाला किती मार्क द्यायचे, ते ज्याचं तो ठरवतो."

"पगार त्यांना कसा कळतो?"

"शिकून गेलेल्या पोरांना तीन वर्षांनी पत्र पाठवून विचारतात."

"आन पोरं खरं सांगत्यात?"

 बारा वर्षं दुधाच्या फॅटवरून भांडणं सोडवलेल्या माणसाला फसवणं सोपं नव्हतं.

"मी सोता करून बघतो," हिंदुराव म्हणाले आणि खुंटीवरची टोपी घेऊन निघाले. "त्यांच्याच पद्धतीनं. हाताला आल्याबिगर मला कळत न्हाय."

जगातल्या कॉलेजांपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून त्यांनी आळीतले अकरा गोठे घेतले. दूध, जनावरं, झाडलोट आणि मालकाचं समाधान, असे चार रकाने पाडले. सोसायटीच्या रजिस्टरात प्रत्येकाच्या दुधाचा खरा आकडा होताच. पण तिकडं पोरांना विचारतात म्हटल्यावर इथंही मालकांनाच विचारायचं ठरलं.

आबासाहेब म्हणाले, "माझी जर्सी येका वक्ताला बावीस लिटर देती."

"सोसायटीत तर तिचं चौदाच येतं."

"आठ लिटर घरी पितो आमी!"

"आठ? घरात तुमी दोघंच की."

"मला पचतं, तात्या. लिवा."

हिंदुरावांनी लिहिलं. समाधानाला दहापैकी किती, म्हटल्यावर जो तो स्वतःला दहा देत सुटला. एकानं बारा मागितले. एक म्हैस पाळून राहिलेली विधवा बनाबाई तेवढी म्हणाली, "मला काय इचारता? म्हशीला इचारा. ऱ्हाती ती गोठ्यात." तो रकाना कोरा राहिला.

दुपारी बेरीज झाली. आबासाहेब पहिले, हिंदुराव सहावे, बनाबाई अकरावी.

कुशाबाईंनी शिवण खाली ठेवलं. "सहावा? आपला गोठा सहावा? पाटं चारला उठून झाडती मी. त्या आबासाहेबाच्या दारात पाय ठिवला तर घोट्याएवढं शेण. आन त्यो पहिला?"

"अगं, जनावरांना चाळीस मार्क हायती. त्याची चौदा, आपली पाच."

"कुणी दिलं चाळीस?"

"मीच."

"मग मीच बसती जेवायला. तुमचं तुमी वाढून घ्या."

हिंदुरावांनी दुसरा कागद घेतला. जनावरांचे चाळीस काढून झाडलोटीला दिले. समाधानाचा रकानाच उडवला. आता हिंदुराव पहिले आले, बनाबाई दुसरी आणि आबासाहेब नववे. रेश्मानं कागद वाचला आणि पदर तोंडाला लावला.

"तात्या, आपली गाय बारा लिटर देते ना? तुम्ही सोळा लिहिलंय."

"चार घरी पितो," हिंदुराव म्हणाले आणि पुन्हा ओसरी-गोठा फेऱ्या सुरू झाल्या. कारण यादी कशी चालते ते कळलं, तरी मंगळवारचं आबासाहेबांचं हसणं काही डोक्यातून जात नव्हतं. सत्तावन्न आकडा माशीसारखा कानाभोवती फिरत होता.

दोन्ही कागद त्यांनी सोसायटीच्या रजिस्टरात ठेवले. हीच चूक झाली. सोसायटीचा कारकून रामहरी हा नेकीचा माणूस. सेक्रेटरींच्या अक्षरातला जो कागद रजिस्टरात सापडेल, तो नोटीस बोर्डावर लावायचा, हा त्याचा सात वर्षांचा शिरस्ता. गुरुवारी हिंदुराव तोंड चुकवत घरीच राहिले. सकाळी रामहरीला पहिली यादी दिसली; त्यानं लावली. आबासाहेबांनी लगेच पेढे मागवले आणि रांगेत वाटले. दूध मोजून झाल्यावर खालचा कागद दिसला. रामहरीनं तोही शेजारीच लावला.

शुक्रवारी सकाळी हिंदुराव सोसायटीत पोचले, तेव्हा दूध घालून झालेली माणसंही घरी गेली नव्हती. बायका किटल्या घेऊन भिंतीशी उभ्या होत्या आणि आपसांत काहीतरी कुजबुजून हसत होत्या. आबासाहेब बोर्डासमोर उभे होते.

"तात्या, ह्याचा जबाब द्या! काल सकाळी मी पहिला, दुपारी नववा. मधल्या वक्ताला माझ्या गाई काय इमानात बसून गेल्या?"

"आबासाहेब, ऐका तर..."

"माझं पेढं वाटून झालं! आता परत मागू काय लोकांकडनं?"

"आन आमचा गोठा काल तिसरा हुता, त्यो आज आठवा कसा?" मागून एकानं विचारलं. "सुनंच्या माहेरी कळवलंय मी."

"झाडलोटीला चाळीस, आन चाऱ्याला शून्य? चारा न घालता गाय काय झाडलेली जमीन खाती?"

"सेक्रेटरी सोता पहिला! वा रं वा!"

 रेश्मा मागं दुधाची किटली घेऊन उभी होती. तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. आज शुक्रवार होता.

"आरं थांबा!" हिंदुराव शेवटी कॅनच्या झाकणावर मूठ आपटून ओरडले. "घसरलं कुणीच न्हाय! गोठा त्योच हाय, गाई त्याच हायती, दूध बी तेवढंच देत्यात. मी फकस्त माप बदललं. एकदा जनावरं मोजली, एकदा झाडू मोजला. त्यात आबासाहेबांच्या गाईचा काय गुन्हा?"

 बनाबाईनं आपली रिकामी किटली उलटी करून झटकली.

"मग तुमच्या पोरीचं कालेज बी तितंच आसंल की, तात्या. चोविसात हुतं तितंच. इटा काय कुणी हलवल्या न्हाईत."

 हिंदुरावांनी आबासाहेबांकडं पाहिलं. आबासाहेबांनी कात्रणवाला खिसा तळहातानं झाकला.

"व्हय बाबा," आबासाहेब घसा खाकरून म्हणाले. "पण माझा गोठा पहिला लिवून ठिवा. जावई याचाय."

हिंदुराव वळले. "रेश्मा, कागद घे. गाडी काढतो."

राजदूत पहिल्या किकेत कधी सुरू होत नसे. त्या दिवशी सातव्या किकेला झाली. वडगाव निंबाळकरला उसाच्या ट्रॅक्टरनं अर्धा रस्ता अडवला होता, तिथं हिंदुराव सारखा हॉर्न दाबत राहिले, जणू ट्रॅक्टरवालाच कॉलेजचा प्रिन्सिपल होता. बारामतीत एसटीडी बूथवर फॅक्सचा कागद दोनदा अडकला. तिसऱ्यांदा गेला. मशिननं गेल्याची पावती बाहेर टाकली. हिंदुरावांनी ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

"पोचला?"

"पोचला, तात्या."

"तीन वर्सांनी तुला बी पत्र येईल की त्यांचं. पगार इचारतील."

"येईल."

"घरी पितो ते धरून सांग," हिंदुराव म्हणाले आणि रस्त्याच्या दुसऱ्याच बाजूला बघत उभे राहिले. नाक ओढायचा आवाज आला, पण रेश्मानं तो ऐकला नाही असं दाखवलं.

घरी पोचले तेव्हा कुशाबाई उंबऱ्यावर बसून होत्या. मांडीवर वहीचं एक पान होतं.

"ह्ये काय?"

"यादी. रांगंत उभ्या उभ्या बायकांनी केली. अकरा घरचं नवरं."

हिंदुरावांनी टोपी काढली. "मी कितवा?"

"सकाळी अकरावं हुता." कुशाबाईंनी हात पुढं केला. "फॅक्स गेला का खरंच?"

त्यांनी पावती दिली. कुशाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. तरी त्यांनी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं, घडी घातली आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्याखाली ठेवली. मग कानामागची पेन्सिल काढून कागदावर खाडाखोड केली.

"आता दुसरं."

"दुसरा? मग पहिला कोण?"

"बनाबाईचा."

"अगं, त्याला जाऊन सात वर्सं झाली!"

"आमचं माप निराळं हाय," कुशाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या संध्याकाळी हिंदुरावांनी कप तळापर्यंत रिकामा केला, आणि न सांगता विसळूनही ठेवला.