हेडलीचं शेवटचं पाकीट

माझा मेहुणा हेडली गेला. त्याचं घर आवरताना फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात, सुक्या यीस्टचं एक पाकीट निघालं. मुदत उलटून दोन वर्षं तीन महिने झालेलं. मी ते कचऱ्याच्या पिशवीत टाकणार, तेवढ्यात माझी बायको एनिड म्हणाली, "थांब. अंत्यविधीनंतर लोक येतील, त्यांना याचीच बिअर करून दे. त्यानं आणलेलं शेवटचं आहे ते."

हेडली घरी बिअर बनवायचा, आणि मला त्यानंच शिकवलं. (शिकवलं म्हणजे बाटल्या धुवायला लावल्या.) यीस्ट जिवंत असतं आणि म्हातारं झालं की मरतं, एवढं मला ठाऊक होतं. पण जिचा एकुलता एक भाऊ गेलाय, तिला 'मुदत' हा शब्द कसा ऐकवायचा? मी म्हणालो, "करू."

अंत्यविधीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. आमच्या बर्नली गावात जानेवारीत मेलेल्यालाही रांग चुकत नाही.

पाकीट कोमट पाण्यात सोडलं. फेस यायला हवा होता. अर्धा तास झाला तरी पाणी गढूळ आणि गप्प. तिथंच एनिडला खरं सांगायला हवं होतं. मी ते मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, काढ्यात ओतलं, बादलीला झाकण लावलं आणि ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली.

झाकणातल्या नळीतून बुडबुडे आले की समजायचं, यीस्ट कामाला लागलं. तीन दिवस एक बुडबुडा नाही. एनिड रोज सकाळी येऊन बादलीला कान लावायची.

"काही बोलतोय का?"

"मघाशी बोलला."

"माझ्याशी का नाही बोलत मग?"

(याचं उत्तर बिअरच्या कुठल्याच पुस्तकात नाही.)

चौथ्या दिवशी ती फुलवाल्याकडे गेली, तेव्हा मी बाजारातून ताजं पाकीट आणून गुपचूप बादलीत रिकामं केलं. दुसऱ्या सकाळी नळी बुडबुडायला लागली. एनिड कपाटासमोर जमिनीवर बसली आणि हेडली गेल्यापासून पहिल्यांदा रडली. "चिवट होता," म्हणाली. मी टॉवेल धरून शेजारी उभा. आता खरं सांगणं म्हणजे तिच्या भावाला पुन्हा मारणं.

पण चार दिवस नुसत्या पडून राहिलेल्या त्या काढ्यात भलतेच जंतू आधी घुसले होते. बिअर आंबट झाली.

अंत्यविधीनंतर क्लबच्या हॉलमध्ये चाळीस माणसं, हॅमची सँडविचेस आणि माझी बिअर. लोक एक घोट घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. पाद्रीबाईंनी ग्लास पियानोवर ठेवला आणि त्या पियानोपासून लांब जाऊन उभ्या राहिल्या. एनिडनं मात्र आपला ग्लास संपवला.

"ताज्या यीस्टचं रिकामं पाकीट तुझ्या कोटात सापडलं," ती हळूच म्हणाली.

"कधी?"

"आणलंस त्याच दिवशी."

"मग दुसऱ्या दिवशी रडलीस ती कशाला?"

"बादली बोलली ना. कुणाच्या यीस्टनं बोलली, त्याचं मला काय." मग तिनं ओठ पुसले. "पण क्लिफ, बिअर भयंकर आहे."

मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तिथं तिचे एझ्रामामा बसले होते, वय एक्क्याण्णव. त्यांनी तिसरा ग्लास संपवून चौथ्यासाठी हात पुढे केला. मला भरून आलं.

"आवडली, मामा?"

"छान आहे," ते म्हणाले.

त्यांची मुलगी म्युरिएल सँडविच घेऊन आली. "दे त्यांना," ती म्हणाली. "नाताळात ताप आला, तेव्हापासून कशाची चवच लागत नाही. काल फुलदाणीतलं पाणी प्यायले. तेही छान म्हणाले."