काकूंच्या हातचा शेला

आमच्या शेजारच्या भास्करअण्णांसमोर नवा शर्ट घालून जाऊ नये. ते "छान आहे" म्हणत नाहीत. दोन बोटांत बाही धरतात, छपाई डोळ्यांजवळ नेतात आणि निकाल देतात, "भाऊ, हाई त्या काळनं नही!" तो काळ म्हणजे मावळ्यांचा. मी बँकेत जातो, गडावर नाही, हे त्यांना पटवणं माझ्याच्यानं अजून झालेलं नाही.

अण्णांनी उभा जन्म सुरतेत, बमरोलीच्या मिलमध्ये छपाईच्या मशीनवर काढला. निवृत्त झाल्यावर माणूस तीर्थयात्रेला जातो. अण्णांनी मशीनशी वैर धरलं. लिंबायतच्या आमच्या मराठी मंडळाचं दरवर्षी ऐतिहासिक नाटक असतं. सुरतेत राहून सुरतेच्या लुटीचा प्रवेश करायचा का, यावर दरवर्षी भांडण होतं आणि शेवटी लढाई दुसऱ्याच गावी होते. त्या नाटकाचे सगळे कपडे अण्णा स्वतः कोरलेल्या लाकडी ठशांनी छापतात. ज्या शहरात छापील साड्या टेम्पो भरभरून निघतात, तिथे हा गृहस्थ एका अंगरख्यात आठवडा घालवतो.

ठशासाठी त्यांना कुठलंही लाकूड चालतं. एकदा चांगलं सागवान मिळेना, तर त्यांनी पोळपाटाच्या पाठीवरच कोयरी कोरली. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, घाईत पोळपाट उलटा ठेवला आणि त्या दिवशी मलाही कोयरीची पोळी खायला मिळाली. "दरबारी शे," अण्णा म्हणाले. काकूंनी लाटणं उचललं तेव्हा मी घरी निघालो.

आता घरातली खरी गोष्ट सांगतो. अण्णा नुसते कोरायचे, छापायच्या काकू. अण्णांचा ठसा दुसऱ्या रांगेतच घसरतो. काकूंची रांग मात्र दोरी धरल्यासारखी सरळ.

यंदा हिवाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. त्या चालू-बोलू लागल्या, पण उजवा हात मांडीवरच पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, हात वापरा, नाहीतर तो असाच राहील. व्यायामाला रबरी चेंडू आणला, तो काकूंनी कपाटावर टाकून दिला. तशात मंडळाचे पाटील आले.

"अण्णा, यंदा पर्वत पाटियाना बाजारमाईन तैयार माल लई येसूत. काकूले आराम."

"आराम नको तिले!" अण्णा असे ओरडले की पाटील अर्धा चहा टाकून गेले.

लगेच अण्णांनी नाटकातल्या सरदाराचा कोरा शेला काकूंपुढे पसरला, ठशाला रंग लावला आणि तो त्यांच्या उजव्या हातात दिला. मी तिथेच होतो.

"वाकडं व्हई जाई," काकू म्हणाल्या.

"व्हऊ दे."

पहिली कोयरी आडवी पडली, दुसरी तिच्या अंगावर. एरवी केसभर चुकलं तर कापड टाकून देणारे अण्णा "वा, वा" करत होते. शेला पुरा व्हायला महिना गेला. शेवटच्या रांगा जरा शहाण्यासारख्या वागल्या.

नाटकाच्या दिवशी पाटलांनी वाकड्या कोयऱ्यांची बाजू आत दुमडली. अण्णांनी विंगेत जाऊन ती बाहेर काढली, सरदाराच्या छातीवर पिन लावून बसवली आणि काकूंशेजारी येऊन बसले.

नाटक कसं झालं हे अण्णांना विचारू नका. गड पडला, सरदार पडला, मध्येच पडदाही पडला. त्यांनी काहीच पाहिलं नाही. शेला दिसताच काकूंनी पदराने डोळे पुसले, ते उजव्या हाताने. अण्णा सबंध नाटकभर त्या हाताकडेच बघत राहिले.