तेविसाव्या पुस्तकातला मीटरवाला

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायला बंदी केली, तेव्हा "त्यात काय, मी वाचून दाखवतो की!" हे वाक्य जावईबापूंच्या तोंडून निसटलं. बायकोने डोळे वटारले. पण निसटलं ते निसटलं.

प्रश्न साध्यासुध्या पुस्तकाचा नव्हता. खुनांचा छडा लावणाऱ्या निवृत्त जज्जसाहेबांची बावीस पुस्तकं सासूबाईंना जवळजवळ पाठ होती आणि चार वर्षं ताटकळत ठेवून लेखकाने तेविसावं आत्ता कुठे आणलं होतं. जावईबापूही या पुस्तकांचे भक्त. खरं सांगायचं तर सासू-जावयाचं जमायचं ते या एकाच विषयावर.

रोज संध्याकाळी पाच ते सहा वाचन सुरू झालं. आठवड्याभरात पंधरा प्रकरणं झकास गेली. मग जावईबापूंना दम निघेना. ते वीज कंपनीच्या तक्रार विभागात कारकून होते. तिथे जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पुढचं वाचून टाकलं आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. खून ड्रायव्हरने केला होता! बावीस पुस्तकं जज्जसाहेबांची गाडी इमानाने चालवणाऱ्या ड्रायव्हरने! कारण काय, तर जज्जसाहेब त्याला कधी 'आत ये' म्हणाले नव्हते.

"लेखकाला म्हातारचळ लागलाय," जावईबापू डब्याला म्हणाले (शेजारी दुसरं कुणी नव्हतं).

सासूबाईंचा ड्रायव्हरवर भारी जीव. हे ऐकलं तर त्या रडणार. आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं, डोळ्याला त्रास होता कामा नये. थोडक्यात, त्या डोळ्याची सगळी जबाबदारी आता आपल्यावर आहे, असं जावईबापूंनी ठरवलं. सोळाव्या प्रकरणापासून ते मनचंच वाचणार होते. सतरा वर्षं तक्रारींना उत्तरं लिहिली होती, एक खून काय जड जाणार?

"'सदर इसम मीटर वाचण्याच्या निमित्ताने बंगल्यात शिरला,'" त्यांनी वाचलं (म्हणजे रचलं).

"कोण इसम?"

"मीटरवाला, आई."

"हा आत्ता कुठून उपटला? पंधरा प्रकरणं झाली!"

"रहस्यकथा आहे ना. लेखकाने लपवून ठेवला होता."

"इतका?"

मयताने मीटरवाल्याविरुद्ध तीन लेखी तक्रारी केल्या होत्या, हे खुनाचं कारण जावईबापूंना फार पटण्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी समारोप केला. "'उपरोक्त खून आपणच केल्याचे त्याने मान्य केले. सबब प्रकरण निकाली काढण्यात आले.'"

जावईबापूंनी पुस्तक मिटलं.

"संपलं?" सासूबाईंनी विचारलं.

"संपलं."

"कागद घ्या. लेखकाला पत्र लिहायचंय." आणि त्या सांगू लागल्या, "'महोदय, वय झालं असेल तर तसं सांगा, वाचक समजून घेतील. पण सोळाव्या प्रकरणापासून आपण पेन कुणा कारकुनाच्या हातात दिलंत?' लिहिलं?"

"लिहिलं."

"कारकुनाखाली रेघ मारा."

जावईबापूंनी रेघ मारली. मग राहवेना म्हणून चाचरत म्हणाले, "आई, अगदीच काही वाईट नव्हतं. त्या मीटरवाल्याचं मन जरा समजून घेतलं तर…"

"मीटरवाल्याला मन असतं, मला मान्य आहे. लेखकाला डोकं राहिलेलं नाही. पुढे लिहा."

पत्र दोन पानं झालं. तेवढ्यात सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे मावशींचा, फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, ऐकलंस का तेविसावं? मी तर ड्रायव्हरसाठी ढसाढसा रडले!"

"ड्रायव्हरसाठी कशाला? खून मीटरवाल्याने केला."

"कुठला मीटरवाला?"

"मीटर वाचणारा!"

"ताई, ऑपरेशन डोळ्याचंच झालं ना तुझं?"

"तू नेहमी शेवटचं पान आधी वाचतेस, म्हणून हे घोळ होतात!" सासूबाई कडाडल्या आणि फोन बंद केला. "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. पंखा चालू असूनही तो घामाने निथळत होता. तिने त्याच्या हातून पुस्तक घेतलं, सोळावं प्रकरण काढलं, पानं उलटली.

"अहो, यात मीटर हा शब्दच नाही."

मग कबुलीजबाब झाला. (या खेपेला 'सदर इसम' बोटांची नखं बघत होता.) सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाच गं, काय लिहिलंय ते."

बायको वाचू लागली. "'पावसात मी गाडीच्या काचेतून तुमच्या दिवाणखान्यातला दिवा बघत बसायचो, साहेब,' ड्रायव्हर म्हणाला. 'एकदा नुसतं आत ये म्हणाला असतात…'" सासूबाईंनी काळा चष्मा वर करून कापसाने डोळा टिपला.

"मला चौथ्या पुस्तकातच वाटलं होतं," त्या पुटपुटल्या. "कुणी विचारत नव्हतं बिचाऱ्याला. वा! याला म्हणतात लेखक."

डब्यासमोर जे खुळचट वाटलं होतं, तेच ऐकताना जावईबापूंनी हळूच रुमाल काढला. ते खोकून घेत म्हणाले, "आई, रडू नका. डॉक्टर रागावतील."

"डॉक्टरांचं मी बघते. तुम्ही माझ्या पुस्तकाला हात लावू नका. आणि ते पत्र फाडू नका. नुसतं वरचं नाव बदला."

मावशींना फोन करून माफी मागण्यात आली. "जावयाने लिहिलं होतं गं ते," एवढं सासूबाई बोलल्या आणि पलीकडून मावशींचं हसू स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुस्तक बायकोकडे गेलं आणि जावईबापूंच्या वाट्याला वर्तमानपत्र आलं. त्यांनी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि शब्द न् शब्द सावकाश वाचला, "उद्या आकाश निरभ्र राहील."

सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"अगं, जरा येऊन बघून जा. खरंच तसं लिहिलंय का?"