सोनवणे काकांचं लांबचं लिंबू

सोनवणे काका उदबत्ती लावायचे ती आधी गॅलरीत, मग बुद्धाच्या तसबिरीपुढे. धूर कुठं झुकतो ते डोळे बारीक करून बघायचे आणि घरात हुकूम सोडायचे, "धूर स्टेशनकडे! आज लिंबू देवळाजवळचं!"

धूर देवळाकडे झुकला की लिंबू स्टेशनजवळचं. कधी लिंबाऐवजी काडेपेटी, कधी शर्टाचं बटण. एका दिवशी वस्तू एकच, आणि आणायला नेहमी काकू. काकूंना दमा होता. बिल्डिंगखालच्या वाण्याकडे लिंबांची टोपली भरलेली असायची.

"त्याच्या लिंबाला रस नाय," काका म्हणत.

"आणि बटणाला?" मी एकदा शेजारच्या दारातून विचारलं.

"बटणाला तर अजिबात नाय."

ही ऐंशीच्या दशकातल्या अंबरनाथची गोष्ट. आमच्याकडे पावसापाण्यापेक्षा वासावर जास्त बोलणं व्हायचं. "आज कुजलेली अंडी", "आज नेलपॉलिश" असं बायका दुधाच्या रांगेत एकमेकींना सांगायच्या. काका मात्र एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांचा कुठलाही वास एका हुंगण्यात ओळखत. "तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेत. हे नाक नाय, मीटर आहे मीटर!"

असेल. पण माझ्या मते माणूस जुलमी होता. तिसऱ्या मजल्यावर येताना काकू दुसऱ्यावर कठडा धरून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, या बाईचा श्वास एक दिवस लिंबापायी जाणार. आणि तो वाचवायलाच मला नवी स्कूटर मिळालीय.

मी कामाला लागलो. कोपऱ्यावर काकूंना गाठायचं, "बसा काकू" म्हणायचं आणि दहा मिनिटांत लिंबासकट परत. काकू संकोचायच्या, पण बसायच्या. महिनाभर ही समाजसेवा चालली. दाढी करताना चेहऱ्यावर तेज आल्यासारखंही वाटायला लागलं.

काकूंचा दमा मात्र वाढला. त्या आता पहिल्याच मजल्यावर थांबू लागल्या. मी स्कूटर आणखी हळू चालवू लागलो.

एका रविवारी काकांनी मला जिन्यात धरलं.

"काय रे स्कूटरवाल्या, माझ्या बायकोला मारतोस काय?"

"मी? उन्हातान्हात पायपीट तुम्ही करायला लावता!"

"येड्या, डॉक्टरनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय तिला. चांगल्या हवेत. ही म्हणते, कामाशिवाय रस्त्यानं हिंडायला मी काय नगरसेवक आहे? हातात पिशवी असेल तरच पाऊल टाकते. म्हणून रोज काम काढतो. वास जाईल त्याच्या उलट्या दिशेला धाडतो. तीन महिन्यांत न थांबता दुसऱ्या मजल्यापर्यंत आणली होती. तू एका महिन्यात पहिल्यावर आणलीस!"

"मग तुम्हीच का नाही जात बरोबर?"

"माझ्याबरोबर? फिरायला?" काका ओशाळले. "लाजते रे. पस्तीस वर्षं झाली लग्नाला, अजून लाजते."

मग ते पायरीवर बसले. आवाज उतरला.

"कंपनीतून यायचो तेव्हा कपडे त्या वासानं भिजलेले असायचे. ती मोरीत बसून ते आपटून धुवायची. खिडकी नव्हती मोरीला. तीस वर्षं धुतले. पगार मला मिळाला, खोकला तिला."

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसलासुद्धा कोपऱ्याला वळसा घालून जाऊ लागलो, न जाणो काकू सवयीनं थांबायच्या.

दिवाळीनंतर काका तापानं आडवे झाले. ताप उतरला त्या सकाळी मी चौकशीला गेलो, तर काकू दारात चपला घालत होत्या. हात रिकामे.

"जरा बस यांच्याजवळ. येते मी."

"काय आणायचंय काकू? मी आणतो ना." खोड जात नाही.

"काही नाही रे. फिरून येते."

चपलांचा आवाज जिना उतरत गेला. मी वळून बघितलं. काकांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं होतं आणि बराच वेळ ते काढलंच नाही.