खुणेपर्यंत शुद्ध पाणी

रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी श्रीनिवास आगाशे यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली कोळंबी जागेवर नसल्याचं लक्षात आलं.

कोळंबी म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे. त्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा दाराबाहेर थांबतो. ही जिवंत, तांबड्या पाठीवर पांढरा पट्टा असलेली, दिवाणखान्यातल्या साठ लिटरच्या खाऱ्या टाकीत राहणारी. सोबतीला दोन नारिंगी मासे आणि अंगठ्याएवढं प्रवाळ.

श्रीनिवासराव बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. केसाएवढा फरक दिसला की माल परत. निवृत्तीनंतर परत पाठवायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी समुद्र पाळायला घेतला. पहिला दीड महिना टाकीत नुसतं मिठाचं पाणी आणि दगड होते. तेव्हाही ते दिवसातून दोनदा खारेपणा मोजून वहीत लिहीत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "लोकांच्या टाक्या हलगर्जीपणानं मरतात. आपल्याकडे चूक व्हायची सोयच ठेवलेली नाही."

ही तजवीज म्हणजे पाट्या. काचेवर एक: 'टिचकी मारू नये. आतल्यांना ऐकू येते.' टाकीखाली खास गाळलेल्या पाण्याचा कॅन होता, त्यावर दुसरी: 'यास कोणीही हात लावू नये.' शनिवारी श्रीनिवासराव आणि त्यांच्या पत्नी हेमाताई लग्नाला नाशिकला गेले. घरी श्रीनिवासरावांच्या ब्याऐंशी वर्षांच्या आई, यमुनाबाई, एकट्याच राहणार, म्हणून जाताना तिसरी लागली. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि खारेपणा वाढतो. त्यासाठी: 'पाणी खुणेखाली गेल्यास शुद्ध पाणीच घालावे. नळाचे चालणार नाही. पिण्याचेही चालणार नाही. खुणेच्या वर थेंबही जाऊ नये.'

रात्री उशिरा परतून रविवारी सकाळी पाहिलं, तर पाणी बरोबर खुणेवर होतं. श्रीनिवासरावांना भरून आलं. मग त्यांनी माणसं मोजली, तर एक कमी.

यमुनाबाई फुलवाती वळत बसल्या होत्या.

"आई, काल टाकीत पाणी तू घातलंस?"

"घातलं. खुणेपर्यंत."

"कॅनमधलं ना?"

"त्याला हात लावू नये असं तूच लिहिलंयस."

"मग कुठलं?"

"नळाचं नको, पिण्याचं नको. त्याहून शुद्ध घरात एकच होतं. गंगेचं."

देवघरात काशीहून आणलेले, डाख देऊन बंद केलेले तीन गडू होते. एक वडिलांच्या शेवटच्या वेळी उघडला. दुसरा यमुनाबाईंचा. तिसरा ज्याचा नंबर लागेल त्याचा. यमुनाबाईंनी श्रीनिवासरावांच्याच स्क्रू ड्रायव्हरनं उरलेले दोन्ही फोडले होते. गडू तांब्याचे. आत पाणी सव्वीस वर्षं मुरलेलं.

श्रीनिवासराव खाली बसले. नारायण पेठेतल्या मासेवाल्या सलिलनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं: काका, टाकीच्या पाण्याला तांबं लागू देऊ नका. माशांचं एकवेळ निभेल, कोळंबी आणि प्रवाळ जातील. एवढ्या पाट्या लिहिल्या, पण तांब्याची लिहिली नव्हती. समुद्रात तांबं कोण घालेल?

"अगं, ते तू स्वतःसाठी ठेवलं होतंस ना?"

"मला काय, शेवटी चमचाभर लागणार," यमुनाबाई म्हणाल्या. "यांना रोज त्यातच राहायचंय."

यावर ओरडायचं कसं, हे तपासणी खात्यात कोणी शिकवलं नव्हतं.

हेमाताईंनी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, आईंना कळता कामा नये. गंगाजलानं जीव गेला, तोही त्यांच्या हातून, असं कळलं तर त्या जेवण सोडतील." श्रीनिवासरावांनी मान हलवली. मागच्या वर्षी पायाखाली येऊन पाल मेली, तेव्हा यमुनाबाईंनी तीन दिवस उपास केला होता. चौथ्या दिवशी दवाखाना. आता प्रश्न एकट्या कोळंबीचा राहिला नव्हता.

सलिलला फोन लावला. तांबं तपासायचं किट संपलं होतं, मुंबईहून मंगळवारी येणार. तोवर तीस लिटर पाणी आत्ता बदला, गाळणीत कोळशाची पिशवी टाका, आणि वाट बघा, असं तो म्हणाला. वाट किती बघायची, हे मात्र बोलला नाही.

श्रीनिवासराव नळी लावून पाणी उपसू लागले. यमुनाबाई काठी टेकत आल्या.

"हे कशाला?"

"पाणी बदलायची तारीख आहे आज."

"मग काल का भरायला लावलंस?" श्रीनिवासरावांनी नळी आणखी खाली सरकवली. "बरं. आणि काढलेलं ओतणार कुठे?"

"मोरीत," श्रीनिवासराव सवयीनं बोलून गेले.

यमुनाबाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. नळी आपोआप थांबली.

मोरी बाद झाली. तुळशीला घालावं, तर खारं. नदीत सोडावं असं श्रीनिवासराव पुटपुटले, तेव्हा हेमाताई म्हणाल्या, "मुठेत? गंगेनं असं काय केलंय?" शेवटी घरातल्या तिन्ही बादल्या आणि मोठं पातेलं भरून गॅलरीत रांगेनं ठेवलं गेलं. त्यावर ताटं झाकली, पातेल्यावर यमुनाबाईंनी एक फूल ठेवलं. आज अंघोळी कशानं करायच्या, असं हेमाताईंनी विचारलं, पण कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

साडेअकराला नवं पाणी आत गेलं. मासे हिंडत होते. प्रवाळानं तोंड मिटलेलं होतं. श्रीनिवासराव टॉर्च घेऊन प्रत्येक फट बघत होते. मागे खुर्चीवर यमुनाबाई होत्या, त्यामुळे चेहरा टाकीकडेच ठेवावा लागत होता.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी दगडामागून काहीतरी घरंगळत वाळूवर आलं. पांढुरकं, आरपार दिसणारं. पाय होते, मिशा होत्या. हालचाल नव्हती.

फोटो गेला. सलिलचा फोन आला. "काका, कात असेल. पाणी अचानक बदललं की टाकतात, मग दोन दिवस लपून बसतात. नाहीतर... तीच असेल. बाहेर काढून दाबून बघा. पोकळ लागली तर कात."

श्रीनिवासरावांनी बाही सरकवली. हात कोपरापर्यंत आत गेला, चिमूट त्या पांढुरक्या आकाराभोवती जुळत आली.

"थांब," मागून आवाज आला.

यमुनाबाई उठून आल्या होत्या. एका हातात गडू, दुसऱ्या हातात चमचा.

"मला दिसतंय रे. बिचारीचं आयुष्यच तेवढं. खुणेच्या वर जाऊ नये म्हणून तळाशी थोडं राखलं होतं, तेवढं तिच्या तोंडात घालते. हळू वर घे."

हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार, बारा वाजून बावन्न मिनिटांनी श्रीनिवास आगाशे यांचा हात टाकीतच होता.